नोकरी सांभाळून आकाशवाणीचा कॅज्युअल उद्घोषक होताना

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये जाहिरात पाहिली आणि या जुलैमध्ये आकाशवाणीच्या नाशिक केंद्रावरून पहिल्यांदा बोललो. मध्ये वर्षभराहून जास्त काळ गेला. या काळात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की हे नक्की कसं करतात, ओळख लागते का, पैसे किती मिळतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी निफाड तालुक्यातला, राहायला सिडकोत पवननगरला, नोकरी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात. रेडिओशी संबंध एवढाच की आमच्या घरी तो दिवसभर चालू असायचा. पुण्याहून येणाऱ्या सातला दहाच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की वडील दूध घालायला निघायचे. घरातल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. कॉलेजात सूत्रसंचालन केलं होतं, ‘आवाज चांगला आहे’ हे ऐकून घेतलं होतं. हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठीच हा लेख आहे, कारण पुढच्या वर्षभरात आवाजाबद्दल मला कुणी फारसं विचारलंच नाही.

जाहिरात आकाशवाणीची होती, ‘नैमित्तिक उद्घोषक’ या कामासाठी. बोलताना सगळे कॅज्युअलच म्हणतात. ही नोकरी नव्हे, हे जाहिरातीतच ठळक लिहिलेलं असतं. तुमचं नाव एका यादीत जातं, गरजेप्रमाणे ड्युटी मिळते, महिन्याला जास्तीत जास्त सहा. कायम करा असा हक्क पुढे कधी सांगणार नाही, असं लिहूनही द्यावं लागतं. तेव्हा राजीनामा खिशात घेऊन कुणी या वाटेला जाऊ नये.

अर्ज दोन पानांचा होता, पण कागद जमवण्यात जीव गेला. पदवीचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, पॅन आणि केंद्राच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा. माझ्या आधारवर गावचा पत्ता होता. भाडेकरार घेऊन आधार केंद्रात गेलो, पत्ता बदलून घेतला आणि नवीन आधार डाउनलोड होईपर्यंत मुदत संपतेय का म्हणून रोज तारीख बघत बसलो. भाड्याने राहणाऱ्यांनी हे काम जाहिरातीची वाट न बघता आजच उरकावं. अर्जाची फी होती ३०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४. राखीव प्रवर्गांना सवलत होती. फी डिमांड ड्राफ्टने भरायची होती. बँकेतल्या मुलाने ‘दादा, डीडी आता कोण काढतं?’ असं विचारलं आणि फॉर्म शोधायला आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. डीडीच्या मागे नाव आणि मोबाइल नंबर पेन्सिलने लिहून ठेवा.

सगळ्यात अवघड निघालं ते कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र. दुसरीकडे नोकरी असेल तर ते लागतं. आमच्या एचआरच्या मॅडमना वाटलं मी राजीनाम्याची तयारी करतोय. ‘रेडिओवर? म्हणजे आरजे?’ मग त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, साहेबांनी पुण्याच्या ऑफिसला मेल टाकला. शेवटी मी स्वतःच मजकूर टाइप करून दिला: कामाच्या वेळेव्यतिरिक्त, कंपनीच्या कामात अडथळा न आणता, कंपनीबद्दल काहीही न बोलता. या तिसऱ्या अटीवर सही लगेच झाली. कुणाला ना हरकत हवी असेल तर कोऱ्या हाताने जाऊ नका, तयार मजकूर घेऊन जा. समोरच्याला नकार द्यायचा नसतो, पण कागद काय लिहायचा ते त्यालाही माहीत नसतं.

अर्ज दिला जुलैत. लेखी परीक्षा झाली ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात सामान्य ज्ञान पाठ केलं. २३ जुलै १९२७ ला मुंबईहून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं प्रसारण सुरू झालं, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची, प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ पासून. सकाळी केंद्र सुरू होताना वाजते ती संकेतधून वॉल्टर कॉफमन यांची, शिवरंजनी रागावर बेतलेली. हे माहीत असावंच, ज्या घरात जायचं त्याचा पत्ता माहीत असावा तसं. पण पेपरात याचे गुण थोडे होते. मोठे गुण होते ते लिहिण्याला. इंग्रजी आणि हिंदी उताऱ्याचा मराठी अनुवाद, शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाची उद्घोषणा, आणि एक सूचना, जी मला अजून आठवते.

धरणातून विसर्ग वाढवल्याचं सरकारी पत्रक दिलं होतं आणि त्याची रेडिओसाठी सूचना करायची होती. नाशिककराला हा प्रश्न म्हणजे घरचाच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं, हे विचारत आपण मोठे झालो. तरीही कागदावर घेतल्यावर कळलं की पत्रक वाचायला लिहिलेलं असतं, ऐकायला नाही. ‘सदर विसर्गाच्या अनुषंगाने नदीपात्रालगतच्या नागरिकांनी दक्षता घ्यावी’ हे वाक्य कांदा चिरत असलेल्या बाईच्या कानावर पडलं तर तिला काहीही कळणार नाही. रेडिओवर ऐकणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकत नाही. म्हणून कुणासाठी, ते आधी: गोदाकाठी राहणाऱ्यांसाठी. मग काय करायचं: नदीपात्रात उतरू नका, गाड्या आणि जनावरं काठावरून हलवा. मग का: धरणातून पाणी वाढवलंय. क्युसेकचा आकडा सगळ्यात शेवटी आणि एकदाच. गाव किंवा पूल यांची नावं मात्र पुन्हा सांगायची, कारण निम्म्या लोकांनी आपलं नाव आल्यावरच कान टवकारलेले असतात. परीक्षेची तयारी म्हणून एकच गोष्ट करायची असेल तर रोजच्या पेपरातली एक सरकारी सूचना घ्या आणि तीस सेकंदांत सांगता येईल अशी लिहा.

निकाल डिसेंबरमध्ये लागला आणि स्वर चाचणी जानेवारीत. तिथे नाव सांगायचं नाही, फक्त क्रमांक. काचेच्या आत आपण एकटे, काचेपलीकडे परीक्षक, आणि त्यांना ऐकू जातो तो स्पीकरमधून येणारा आवाज. हातात आयत्या वेळी एक कागद देतात. माझ्या कागदावर बातमीचा एक परिच्छेद, एक कविता, राग आणि वादकांची नावं, एक हिंदी उतारा आणि खाली फक्त शब्द होते. ‘ज’ कुठे जन्मातला आणि कुठे जगण्यातला, ‘ण’ आणि ‘न’, ‘ष’ आणि ‘श’ हे सगळं तिथे उघडं पडतं. निफाडकडच्या माझ्या बोलण्यात ‘ळ’ ठणठणीत आहे, ‘ण’ मात्र घाईत निसटतो. म्हणून आधीचे दोन महिने सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतलं पानभर रोज मोठ्याने वाचत होतो. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर चुका ऐकू येत नाहीत, आपण काय म्हणणार होतो तेच ऐकू येतं. ब्लँकेट टांगून स्टुडिओ करायचे प्रयोग बायकोने दोन दिवसांत बंद पाडले. कपाट उघडून कपड्यांकडे तोंड करून वाचलं तरी घुमण्याचा त्रास बराच कमी होतो.

बाहेर थांबलेल्यांमध्ये एक काका होते, व्यासपीठावर बोलण्याचा मोठा अनुभव असलेले. आवाज असा की जिन्यातून ऐकू यावा. ते आत गेले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ‘मला म्हणे, ओरडू नका, शेजारी बसलेल्याला सांगा.’ ते उदास झाले होते, पण माझं काम झालं. मी आत गेल्यावर समोर आई कांदे निवडत बसलीय असं धरून वाचलं.

मुलाखत मार्चमध्ये झाली. कार्यक्रम अधिकारी आणि बाहेरून आलेले एक-दोन जाणकार होते. कुसुमाग्रज, जिल्ह्यातली द्राक्षं, लासलगावचा बाजार, सिंहस्थ असं सगळं विचारलं. मग एक प्रश्न आला: ‘तुम्ही लावलेलं गाणं मध्येच थांबलं तर काय कराल?’ मी म्हणालो, क्षमस्व म्हणून दुसरं लावेन. ‘आणि दुसरं तयार नसेल तर?’ मी गप्प. त्या मॅडम हसून म्हणाल्या, ‘तेच. दुसरं नेहमी तयार असतं.’ नंतर स्टुडिओत बसल्यावर कळलं की अर्धं काम हेच आहे.

निवड झाल्याचं पत्र एप्रिलच्या अखेरीस आलं. त्यानंतर ‘वाणी’ नावाचं प्रशिक्षण करावं लागतं, त्याची फी वेगळी असते. अर्ज करतानाच चौकशी करून तेवढे पैसे बाजूला ठेवा, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते. मी जूनमध्ये रजा टाकून केलं. कंपनीत त्या आठवड्यात ऑडिट होतं, त्यामुळे रजेसाठी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

प्रशिक्षणात कळलेल्या बारीकसारीक गोष्टी घरी सरावालाही उपयोगी आहेत. माइकपासून साधारण वीतभर अंतर ठेवायचं आणि तोंड अगदी सरळ समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांची हवा माइकवर आदळत नाही. कागद एकाच बाजूला लिहिलेले, स्टेपल न केलेले, आणि पान उलटायचं नाही तर सरकवायचं. बांगड्या, कडी, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ बाहेर. मोबाइल सायलेंट नाही, बंद. मग प्रसारण संहिता: मित्रराष्ट्रांवर टीका नाही, धर्म किंवा जातीवर आघात नाही, अश्लील किंवा बदनामीकारक काही नाही, न्यायालयाचा अवमान नाही, राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नाही. ऐकताना हे सोपं वाटतं. पण थेट फोन चालू असताना श्रोता आपल्या वॉर्डातल्या रस्त्यावरून भलत्या नावावर घसरला की त्याला न दुखावता विषय गाण्यावर कसा आणायचा, हे तिथे करून घेतात.

आणि घड्याळ. रेडिओचं काम बोलण्याचं आहे असं मला वाटायचं, ते निघालं उलट्या वजाबाकीचं. समजा दुसऱ्या केंद्राच्या बातम्या बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी सहक्षेपित करायच्या, म्हणजे आपल्या केंद्रावरूनही त्याच वेळी ऐकवायच्या आहेत. आत्ता सात पाच आणि वर तीस सेकंद झालेत. गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांचं आहे, म्हणजे ते संपेल सात आठ पन्नासला. उरले सत्तर सेकंद. वीस सेकंदांची गाण्याची उद्घोषणा, तीस सेकंदांचा जनहितार्थ संदेश, वीस सेकंदांत केंद्राची ओळख आणि वेळ. हे सगळं गाणं चालू असताना मांडायचं, आणि बोलताना दोन सेकंद जास्त गेले तर ते पुढच्या वाक्यातून काढायचे. बातम्या कुणासाठी थांबत नाहीत. क्वालिटी विभागातली माझी सवय इथे कामी आली, मायक्रॉनच्या जागी सेकंद एवढाच फरक.

पहिली ड्युटी जुलैत, सकाळच्या सभेची. सभा म्हणजे प्रसारणाची पाळी. केंद्र सहाच्या आत सुरू होतं, त्यामुळे आपण अंधारातच पोहोचायचं. त्या वेळी सिटीलिंकच्या शहर बसच्या भरवशावर राहता येत नाही. त्रिमूर्ती चौक, एबीबी सर्कल, जेहान सर्कल करत गंगापूर रोडला आकाशवाणी टॉवरपर्यंत बाइकने गेलो. आत गेल्यावर आधी ड्युटी रूम. तिथे ड्युटी ऑफिसर क्यू शीट देतात. कोणत्या सेकंदाला काय, किती लांबीचं, कुठून येणार, सगळं त्यावर. त्यात काही बदल झाला तर नोंद. जे काही प्रसारित झालं त्याची लॉगबुकात नोंद. एखादा ध्वनिमुद्रित कार्यक्रम ठरल्यापेक्षा थोडा आधी संपला तर मधे वाद्यसंगीताचं फिलर, आणि त्याचीही नोंद. सरकारी कागदाची मला भीती होती, पण इथे तोच कागद तुम्हाला सांभाळतो.

संकेतधून, वंदे मातरम्, मग फेडर, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पट्टी, वर आणि ‘आकाशवाणीचं हे नाशिक केंद्र आहे. एकशे एक पूर्णांक चार मेगाहर्ट्झवर आपण ऐकत आहात…’ घसा कोरडा होता, पण वाक्य कागदावर लिहिलेलं होतं आणि कागद हातात होता. पहिले काही दिवस ‘नमस्कार’सुद्धा लिहून घ्या, लाजू नका. वर्षानुवर्षं बोलणारे लोकही लिहून घेतात, हे मी पाहिलंय. आईला गावी न्यूज ऑन एअर ॲप लावून दिलं होतं. दुपारी फोन केला तर म्हणाली, ‘चांगलं बोलला. पण गाण्याच्या आधी फार बोलतोस.’ तिचं बरोबर होतं, पुढच्या ड्युटीपासून दोन वाक्यं कमी केली.

ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या ड्युटीला पाऊस लागून राहिला होता आणि विसर्गाची सूचना खरोखरच ड्युटी रूममध्ये आली. अधिकाऱ्यांनी ती तपासून सही करून दिल्यावरच माझ्या हातात आली. हे महत्त्वाचं आहे: मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणून उद्घोषक काहीही सांगत नाही. मजकूर माझ्या पद्धतीने मांडून घेतला, त्यांना दाखवला आणि गाणी थोडी कमी करून तो ठरावीक अंतराने वाचत राहिलो. दुसऱ्या दिवशी सायखेड्याचा आमचा एक सहकारी म्हणाला, ‘भाऊ, तुझं ऐकून मी गाडी वर आणून लावली.’ वर्षभराच्या कागदांचा शीण त्या दिवशी उतरला, हे कबूल करतो.

आता पैशांचं. प्रत्येक ड्युटीचं मानधन ठरलेलं असतं, ते बँक खात्यात येतं. त्यासाठी सुरुवातीला पॅन आणि रद्द केलेला चेक द्यावा लागतो. महिन्याला सहा ड्युट्यांवर घर चालणार नाही, पेट्रोल आणि थोडी हौस भागते. प्रत्येक ड्युटीच्या कराराचा कागद फोटो काढून ठेवतो. आयकर विवरणपत्र भरताना उपयोगी पडेल.

ज्यांना पूर्ण वेळ हेच करायचंय त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत, आणि माइकसमोरच्या खुर्च्या त्यातल्या सगळ्यात कमी. खासगी एफएमला उद्घोषकापेक्षा जाहिरातविक्री, जिंगल लिहिणारे, कार्यक्रमाचे निर्माते आणि ध्वनिसंकलन करणारे जास्त लागतात. तिथे अर्जाऐवजी डेमो पाठवायचा असतो. दीड-दोन मिनिटांचा, पहिल्या दहा सेकंदांत मुद्द्याला येणारा. मीही एका वाहिनीला पाठवला होता, उत्तर आलं नाही, तसं बहुतेकांना येत नाही. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच घेता येतात. त्यामुळे पत्रकारितेची ओढ असलेल्याने तिथे जाताना विचार करावा. सामुदायिक रेडिओ हा शिकण्यासाठी उत्तम मार्ग आहे. निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा, असा त्याचा नियमच आहे. नाशिकमध्ये ९०.८ वर रेडिओ विश्वास आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना त्यांनी शिक्षकांकडून धडे रेकॉर्ड करून मुलांपर्यंत पोहोचवले, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. संकलन शिकायचं असेल तर ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. श्वासाचे आवाज सगळे काढू नका, माणूस यंत्रासारखा वाटतो.

आकाशवाणीतही शेतकऱ्यांचे, महिलांचे, युवकांचे कार्यक्रम सादर करणाऱ्यांची, निर्मितीला मदत करणाऱ्यांची आणि तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या अंशकालीन वार्ताहरांची निवड वेगळी होते. शेतीची पदवी असलेल्या कुणी ‘किसानवाणी’चा विचार जरूर करावा. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाबद्दल बोलताना मला दहा वेळा विचारावं लागतं, त्यांना लागणार नाही.

जाहिरात दरवर्षी येतेच असं नाही. आकाशवाणी आणि प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर अधूनमधून बघत राहा आणि केंद्रावरून होणाऱ्या घोषणा ऐका, तिथेही सांगतात. कागद मात्र आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा: पदवी, जन्मतारखेचा पुरावा, शहराच्या पत्त्याचं आधार, पॅन, फोटो, आणि नोकरी असेल तर ना हरकत प्रमाणपत्राचा मसुदा. माझा मसुदा हवा असेल तर कळवा, नाव-गाव काढून पाठवतो. कंपनीबद्दल काही बोलणार नाही, ही ओळ तेवढी राहू द्या.